वरचा मजला भाड्याने देणे आहे

घरमालकीण होणं सोपं असतं, असा माझा समज होता. भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढताना मी इतक्या घरमालकिणी पाहिल्या होत्या, की ते काम मला झोपेतही जमेल असं वाटायचं. आपण खुर्चीत बसायचं, समोरच्याला उभं ठेवायचं आणि प्रश्न विचारायचे. संपलं.

माझे यजमान बळवंत रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. अकोल्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही भाड्याने राहिलो. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "नाम?" मी सांगायचे, रत्नमाला. "आगे?" या 'आगे'साठी मी एक उत्तर तयार ठेवलं होतं. "महाराष्ट्र से हैं," असं हसून म्हणायचं. पुष्कळ ठिकाणी ते खपायचं. ज्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं ते आणखी खोदून विचारायचे, आणि मग त्यांच्या खोलीत अचानक गावचा कोणीतरी नातेवाईक राहायला येणार असायचा. खोली मिळालीच तर मटण शिजवताना खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं आणि वर उदबत्त्यांचा धूर. आमची गौतमी त्या धुराने खोकायची, आणि मी तिच्यावरच खेकसायचे.

बळवंत रिटायर झाले तेव्हा जयपुरातच, जगतपुऱ्यात आम्ही घर बांधलं. खाली आम्ही, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी. वरचं भाड्याने द्यायचं ठरलं. गेटवर पाटी लावली आणि माझ्या दुपारच्या झोपेचं वाटोळं झालं. लोक कधीही बेल वाजवायचे. एकाला वर ट्यूशनचे वर्ग काढायचे होते. एक जण बाल्कनीत कुत्रा मावतो का ते हातांनी मोजून गेला. एका बाईने नळ इतका पिळला की तो हातात आला आणि "आपका नल तो टूटा हुआ है" असं मलाच सुनावून ती निघून गेली. वरचं वीज मीटर वेगळं लागतं हे आम्हाला कोणीतरी विचारल्यावर कळलं. बळवंत तर दार उघडून आलेल्याला आधी चहाच विचारायचे. भाडेकरू आला आहे की पाहुणा, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

शेवटी नाक्यावरच्या पृथ्वीराजजींना सांगितलं. त्यांचं प्रॉपर्टीचं दुकान आहे. ते आले, वर फिरून आले, खाली आमच्या हॉलमध्ये बसले, पाणी प्यायले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "भाभीजी, एक बात कहूँ, बुरा मत मानना. पार्टी पहले नीचे बैठती है. पानी पीती है, दीवार देखती है. मैं तो ये सब नहीं मानता, पर पार्टी मानती है."

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. निळ्या कोटातला, वास्तूच्या दिवशी लावलेला. शेजारी कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती, तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बुद्ध चालतो. बुद्ध आजकाल कोणाच्याही हॉलमध्ये शोभेला असतो.

मी रागवायला हवं होतं. माझा राग काही कमी नाही, भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी तो चाखला आहे. पण पृथ्वीराजजींपुढे माझ्या तोंडून निघालं, "हाँ, वो तो मैं भी सोच रही थी." मी तसं काहीही ठरवलेलं नव्हतं. ते गेल्यावर स्टुलावर चढून फोटो काढला आणि आतल्या खोलीत कपाटावर टेकवून ठेवला. भिंतीवर जरा उजळ चौकोन उरला, त्यावर कॅलेंडर लावलं.

बळवंत बाजारातून आले आणि पिशवी हातात धरूनच उभे राहिले.

"कायले काढला?"

"भाडेकरू ठरेपर्यंत. मंग लावू."

"तुले कोनं सांगतलं?"

मी पिशवीतून मासे काढून फ्रिजमध्ये ठेवायला गेले. मला वाटलं, चला, विषय मिटला.

दुसऱ्याच दिवशी पृथ्वीराजजी एक जोडपं घेऊन आले. नवऱ्याचं नाव चंदन, सांगानेरला कापड छपाईच्या कारखान्यात कामाला. बायको हिमानी तिथल्याच एका शाळेत शिकवायची. दोघं मूळची जयपूरजवळच्या चौमूंकडची. हिमानीचे दिवस भरत आले होते आणि आहे त्या घरमालकाने बाळ येण्याआधी खोली सोडा म्हणून सांगितलं होतं. जिना चढताना ती मधे थांबली, पण बाल्कनीत गेल्यावर तिचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. "यहाँ धूप आएगी," ती चंदनला म्हणाली. बाळाला कोवळं ऊन कुठे दाखवायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

खाली आल्यावर मी खुर्चीत बसले. ती दोघं उभी होती. बसा म्हणायचं मला सुचलं नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं.

पाहुणे फार येतात का, विचारलं. रात्री उशीर होतो का, विचारलं. मग म्हटलं, "पूरा नाम?"

"हिमानी."

"आगे?"

हा शब्द माझ्या तोंडून आला आणि गोड लागला. हे सांगायला मला लाज वाटते, पण तो गोड लागला.

ती क्षणभर थांबली. "हिमानी कुमारी," म्हणाली, आणि हसली. ते थांबणं मला ओळखू आलं. ते हसू तर माझंच होतं, तंतोतंत. मला सगळं कळलं. तिलाही कळलं की मला कळलं आहे. पृथ्वीराजजी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, पण त्यांचे कान आमच्याकडेच होते.

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं. माझ्याशिवाय तिथे कोणाचं चालणार होतं? पण माझ्या मनात भलतंच आलं. यांना ठेवलं तर लोक म्हणतील, या घरमालकिणीने नेमकं यांनाच कसं ठेवलं? तिच्या नावावरून माझं नाव ओळखतील. ती वर राहिली तर मी खाली उघडी पडेन.

"बेटा, बात ऐसी है," मी म्हटलं, "हमारा शाकाहारी घर है. और छोटा बच्चा, रोना-धोना... इनको शोर से तकलीफ होती है."

'इनको' म्हणजे बळवंत. ते दारातच उभे होते. ज्यांनी आयुष्यभर मालगाड्यांच्या खडखडाटात झोप काढली, त्या माणसाला मी बाळाच्या रडण्याचा त्रास लावून दिला. आणि शाकाहारी घराच्या फ्रिजमध्ये मासे होते.

हिमानीने वाद घातला नाही. "जी," म्हणाली. मग अवघडून तिने विचारलं, बाथरूमला जाऊ का? अशा दिवसांत कोणाला नाही म्हणणार? खालचं बाथरूम आतल्या खोलीला लागून आहे. ती आत गेली, आणि मला कपाटावरचा फोटो आठवला. मी उठलेही, पण मला काय करता येणार होतं? तिच्या आधी धावत जाऊन त्यावर चादर टाकायची होती की काय?

ती बाहेर आली ती सावकाश. पृथ्वीराजजी आणि चंदन तोवर गेटपाशी पोचले होते. ती माझ्याजवळ थांबली, मागे वळून ते दोघं लांब आहेत ना ते पाहिलं, आणि मग अगदी हळू, माझ्यापुरतंच म्हणाली, "जय भीम, आंटीजी."

तिने आवाज माझ्यासाठी लहान केला होता. ज्या बाईने तिला दारातून परत पाठवलं, तिची लाज ती झाकत होती. लहानपणी आईने बोलायला शिकवलेले पहिलेवहिले शब्द ते, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला लागले. ती पदर सावरून गेली.

दारातून बळवंतांनी ते ऐकलं होतं. म्हणाले, "तिनं जय भीम केला तुले."

"ऐकलं मी."

"मंग?"

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला काय कळतं, घर काय तुमच्या चहावर चालणार आहे का, असं काहीबाही. ते ऐकून घेत होते. शेवटी मीच थकून म्हटलं, तो फोटो लावा तेवढा.

"मी नाही लावत. तू काढला, तूच लाव."

मी लावणार होते. पण सकाळी पृथ्वीराजजींचा फोन आला, रविवारी बँकेतले एक साहेब सहकुटुंब येतील, पार्टी एकदम बढिया. म्हटलं, मग रविवार जाऊ दे. तो विचार मनात येताच मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी त्यांच्याकडूनच हिमानीचा पत्ता मागून घेतला आणि ऑटोने सांगानेरला गेले.

गल्लीत छापलेल्या चादरी वाळत होत्या, त्यांच्याखालून वाकून जावं लागलं. हिमानी एकटीच होती. खोलीत खोके बांधून ठेवलेले होते. मला बघून तिने आधी खुर्ची पुसली, मला बसवलं आणि चहा ठेवला. मी मात्र तिला उभं ठेवलं होतं.

"बेटा, ऊपर का मकान तुम्हारा," मी एका दमात म्हटलं. "कल ही आ जाओ. कोई कुछ नहीं पूछेगा."

"हमें मिल गया, आंटीजी. यहीं पीछे. धूप नहीं आती, पर मिल गया."

"वो छोड़ दो. मैं गलत थी. मतलब, मैं माफी माँगने आई हूँ."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी रडून मोकळी झाले असते.

"फोटो बाहर लगा लिया?" तिने विचारलं.

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. मी मान खाली घातली.

"हम भी नहीं लगाते," ती म्हणाली. "जहाँ रहते हैं, पेटी में रखते हैं. चंदन कहता है, जिस दिन अपना मकान होगा उस दिन लगाएँगे. कल आपके यहाँ से निकले, तो वो सारे रास्ते कुछ नहीं बोला." तिने कपात साखर घातली. "बच्चा आपके घर में बड़ा होगा, आंटीजी, तो यही सीखेगा न, कि अपने मकान में भी छुपाना पड़ता है. इससे अच्छा यहीं ठीक है."

"मैं लगा लूँगी," मी म्हटलं. "रविवार के बाद." तोंडातून गेलं आणि ऐकताना माझं मलाच कळलं, मी काय बोलले ते.

"रविवार को कौन आ रहा है?"

"कोई पार्टी. देखो बेटा, लोगों का देखना पड़ता है."

"कौन लोग?"

मी लोक आठवायला लागले. डावीकडच्या बाई त्याच फोटोखाली बसून माझ्याकडून विणकाम शिकतात. समोरचे मास्तर रोज बळवंतांकडे पेपर वाचायला येतात. पृथ्वीराजजी हे सगळं मानतच नाहीत, तेच म्हणाले होते. चहा उतू जायला लागला तेव्हा हिमानी कमरेवर हात ठेवून उठली आणि गॅस बंद केला. ज्यांच्यासाठी मी भिंत रिकामी केली होती, ते लोक माझ्या या मोजणीत अजून आलेच नव्हते.