उसना दिलेला हात

मी एक झुला. जत्रेत झोके घ्यायचा नव्हे, झोपायचा. आमच्या पारायबाच्या कोरड्या मुलखात पलंगाला कोणी विचारत नाही. भिंतीत समोरासमोर दोन कड्या ठोकल्या की घर लागलं. माणसं आमच्यात जन्मतात, आमच्यात तापाने फणफणतात आणि भर दुपारी आमच्यातच पडून शेजाऱ्यांची उणीदुणी काढतात. त्यामुळे माणसं मला थोडीफार कळतात असं म्हटलं तर फुशारकी समजू नका.

मला आदालजिझाबाईने विणलं. जाड सूत, निळे-पांढरे पट्टे आणि दोन्ही कडांना हाताने गुंफलेली झालर. तिचे बाकीचे झुले शनिवारच्या बाजारात जायचे. मला मात्र तिने ठेवून घेतलं, कारण तेव्हा तिचा थोरला पोटात होता. त्याचं नाव ओदिलोन. चार वर्षांनी झेनिवाल झाला. दोघं भाऊ माझ्यातच वाढले, एकाचं डोकं या टोकाला आणि दुसऱ्याचं त्या टोकाला. एकमेकांच्या तोंडावर लाथा मारत झोपायचे आणि सकाळी त्यावरून भांडायचे. बाप लवकर गेला होता, तेव्हा भांडण सोडवायला आईच.

ओदिलोन एकोणीस वर्षांचा झाला आणि दक्षिणेला सांतो एलोईला गेला. ते पोलादाचं शहर, तीन दिवसांच्या बसप्रवासावर. आईने मला गुंडाळून त्याच्या बोचक्यात घातलं, तर त्याने बाहेर काढलं. "आई, तिथे पलंग असतात," म्हणाला. मला राग आला होता हे कबूल करतो.

आठ वर्षं त्याची पत्रं आली. डोक्यावर शिरस्त्राण घालून कारखान्याच्या फाटकापाशी काढलेला फोटो आला. आईला वाचता येत नाही, म्हणून झेनिवाल वाचायचा आणि ती माझ्यात पडून डोळे मिटून ऐकायची. एका पत्रात ओदिलोनने लिहिलं, की आता मला हलकं काम दिलंय, अंगण झाडायचं. झेनिवाल म्हणाला, बरं झालं. आई मात्र उठून बसली.

"अंगात ताकद असलेल्या माणसाच्या हातात कोणी झाडू देतं का रे?" ती म्हणाली. "तू जा. पाहुणा म्हणून जा, चार दिवस राहा, आणि दादाला घेऊनच ये. जूनअखेर संत जॉनच्या सणाला शेकोट्या पेटतील तेव्हा मला तुम्ही दोघं अंगणात दिसायला हवेत."

अशा रीतीने मी पंचाऐंशी सालच्या मे महिन्यात प्रवासाला निघालो. सोबत गुळाची एक ढेप, कसाव्याच्या कंदाचं पीठ आणि उन्हात वाळवलेलं मांस. निघताना झेनिवालने आईचा आशीर्वाद मागितला, आणि तिने "देव तुला सांभाळो" म्हणून दार लावून घेतलं. दारात उभं राहून हात हलवणं तिला जमत नाही.

सांतो एलोई दिसायच्या आधी त्याचा वास येतो. जुन्या अंड्यांचा, आणि त्याच्याखाली कसलासा गोडसर. बस डोंगर उतरली तेव्हा ऊन होतं, पण आकाश हळदीसारखं पिवळं होतं. बसमधल्या बाया खिडक्या बंद करू लागल्या. झेनिवाल मात्र काच सरकवून तोंड बाहेर काढून बघत होता. धूर ओकणाऱ्या एवढ्या चिमण्या, एवढ्या नळ्या आणि एवढी माणसं त्याने जन्मात पाहिली नव्हती. चिमण्या मोजायला लागला आणि तीसच्या पुढे चुकला.

ओदिलोन कितेरियाबाईंच्या खाणावळीत राहायचा. वर खोल्या, खाली जेवण. एका पलंगावर तीन पाळ्यांचे तीन गडी आळीपाळीने झोपायचे, म्हणजे गादीला कधी थंड व्हायला सवडच नसे. पलंग पलंग म्हणून ज्याचा तोरा होता तो हा! झेनिवालने खोलीच्या भिंतीत मोठे खिळे ठोकले तशा कितेरियाबाई जिना चढून आल्या. भिंत पडली तर तुझा बाप बांधून देणार का, असं त्यांनी विचारलं. मग मला हात लावून पाहिलं, झालर उलटीपालटी केली आणि आणखी दोन खिळे स्वतःच आणून दिले. त्याही आमच्याच भागातल्या होत्या.

जेवायला बसल्यावर झेनिवालची पंचाईत झाली. टेबलावर सगळ्या ताटल्या पालथ्या. त्याला वाटलं, जेवण संपलंय आणि आपल्याला हळूच सुचवलं जातंय. तो तसाच उठून वर आला आणि आईने दिलेलं पीठ कोरडंच खाऊ लागला. ओदिलोन हसत हसत त्याला बोलवायला आला. तिथे ताटल्या पालथ्याच ठेवतात, भात वाढेपर्यंत. नाहीतर ताटलीवर काळी भुकटी बसते.

ओदिलोन हसला खरा, पण मी त्याला पाहून हबकलो होतो. सत्तावीस वर्षांचा गडी पंधरा पायऱ्या चढून धापा टाकत होता. दंडावर निळे डाग होते, कुठे आपटला नसताना. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. तो माझ्यात आडवा झाला तेव्हा मला त्याचं वजन कळलं. झुल्याला वजन बरोबर कळतं.

रविवारी त्याने धाकट्याला शहर दाखवलं. फाटक, पूल, आणि संध्याकाळी ती टेकडी, जिथे लोक मुलाबाळांना घेऊन, भाजलेली कणसं खात बसतात आणि कारखान्यातून वितळलेल्या लोखंडाचा तापलेला मळ उतारावर ओतला जातो ते बघतात. सगळा डोंगर लाल होतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. खोलीवर आल्यावर झेनिवाल तासभर तेच बोलत होता. ओदिलोनचा चेहरा खुलला होता. हे सगळं आपणच बनवलंय असा तो ऐकत होता, आणि त्यात फार खोटंही नव्हतं.

मग झेनिवालने आईचा निरोप सांगितला आणि ओदिलोनला खरं बोलावं लागलं.

कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर जो गोडसर वायू निघतो, तो हळूहळू माणसाचं रक्त पातळ करतो. त्यावर उतारा म्हणून कारखाना रोज अर्धा लिटर दूध देतो, आणि गडी ते विश्वासाने पितात. महिन्यातून एकदा फाटकाजवळच्या दवाखान्यात रक्त तपासतात. ओदिलोनच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोनदा कमी निघाल्या, म्हणून त्याला भट्टीवरून काढून अंगण झाडायला लावलं होतं. तिसऱ्यांदा कमी निघाल्या की कामाच्या पुस्तिकेवर शिक्का. तो शिक्का पाहिला की त्या खोऱ्यातला एकही कारखाना माणसाला उभं करत नाही.

"मग चल ना घरी," झेनिवाल म्हणाला.

"शिक्का घेऊन? गावात काय सांगू, झिजलो म्हणून हाकलला? नीट सुट्टी घेऊन येईन, माणसासारखा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझं रक्त गावाकडचं आहे. मला एकदा हात उसना दे."

सांतो एलोईत ही रीतच होती. नवा आलेला माणूस जुन्याच्या नावावर रक्त द्यायचा. पुढे तो स्वतः जुना झाला की दुसऱ्या नव्याचा हात घ्यायचा. दवाखान्यातला माणूस मान वर न करता नंबर पुकारायचा, आणि कार्डावरचा फोटो इतका पुसट झालेला असे, की त्यात कोणीही कोणीही दिसावं. कितेरियाबाईंच्या खाणावळीतले निम्मे गडी उसन्या हातांवर उभे होते. त्यात कोणाला पाप वाटत नव्हतं. गाववाल्यांनी गाववाल्यांसाठी एवढं करायचंच.

झेनिवाल रात्रभर माझ्यात कूस बदलत राहिला. सकाळी दादाचा सदरा घालून गेला आणि तासाभरात बाही खाली ओढत परत आला. दोन दिवसांनी निकाल लागला. रक्त उत्तम. ओदिलोनने त्याला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग दोघंही हसले. त्या हसण्यात मीही हललो, हे मला आजही डाचतं.

कारण रक्त उत्तम म्हटल्यावर अंगण कोण झाडू देईल? सोमवारी मुकादमाने ओदिलोनला पुन्हा भट्टीवर चढवलं. सुट्टी जूनमध्ये मिळेल, तोवर माणसं कमी आहेत, असं सांगितलं. ओदिलोन म्हणाला, तीन आठवडे म्हणजे किती, बघता बघता जातील. झेनिवालने आईला कळवलं की दादाची तब्येत सुधारली आणि आम्ही सणाला येतोय.

अकराव्या दिवशी ओदिलोनच्या नाकाचा घोळणा फुटला. बराच वेळ झाला तरी रक्त थांबेना. शुक्रवारी दुपारी त्याला शहरातल्या सरकारी इस्पितळात नेलं. खाटा भरलेल्या होत्या, म्हणून झेनिवालने मला व्हरांड्यातल्या दोन खांबांना बांधलं आणि त्याला माझ्यात ठेवलं. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आदल्या दिवसापासून घरी गेल्या नव्हत्या. त्यांनी खिशातलं कारखान्याचं कार्ड पाहिलं. "दोन आठवड्यांपूर्वी रक्त अगदी छान आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे भट्टीचा आजार नाही. साथीचा ताप असणार." इस्पितळाची रक्त तपासायची खोली सोमवारी उघडणार होती. त्यांनी तापाची औषधं लिहून दिली आणि पुढच्या रोग्याकडे गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. समोर कागद होता आणि कागदावर शिक्का होता.

झेनिवाल त्यांच्यामागे दोन पावलं गेला. ओदिलोनने त्याचं मनगट धरलं.

"बोलायचं नाही. माझं जाऊ दे, खाणावळीतल्या सगळ्यांची नावं कापतील. पोराबाळांचे आहेत ते."

"दादा, तुला काही झालं तर?"

"ताप आहे. उतरेल. शपथ घे."

त्याने आईची शपथ घेतली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. ओल्या फडक्याने तो भावाचं तोंड पुसत राहिला. संध्याकाळी खाणावळीतले दोघंतिघं संत्री घेऊन आले. जाताना प्रत्येकाने झेनिवालच्या डोळ्यांत बघितलं. कशासाठी बघितलं ते त्यालाही कळलं आणि मलाही. माझे निळे पट्टे तोवर रक्ताने काळे पडले होते. मी ओरडू शकत असतो तर त्या व्हरांड्यात ओरडलो असतो. आईची शपथ मी थोडीच घेतली होती!

रविवारी दुपारी ओदिलोन त्याला ओळखेनासा झाला. तेव्हा झेनिवाल धावत गेला आणि बाही वर करून डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला.

"बाई, ते रक्त माझं आहे. त्याचं नाही. त्याचं दोनदा खराब निघालंय."

त्या क्षणभर त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. "हे मला शुक्रवारी हवं होतं," एवढंच म्हणाल्या आणि पळत सुटल्या. शुक्रवारी कळतं तर त्याला लगेच राजधानीच्या मोठ्या इस्पितळात हलवता आलं असतं, तिथे रक्त चढवता आलं असतं. आता गाडी मागवली, दोघांनी मला झोळीसारखं धरून त्याला गाडीत ठेवलं. गाडी डोंगर चढायच्या आत त्याचा श्वास थांबला. माझ्यात होता तो, मला चालकाच्या आधी कळलं.

त्याला सांतो एलोईतच पुरलं. डॉक्टरीणबाईंनी झेनिवालला घडलं ते लिहून सही करायला सांगितलं. बाहेर खाणावळीचे गडी टोप्या हातात घेऊन उभे होते. त्याने सही केली नाही. कितेरियाबाईंनी मला तीन पाण्यांतून धुतलं, तरी मधला डाग गेला नाही. मग तीन दिवसांचा परतीचा प्रवास, आणि या वेळी खिडकीची काच बंद.

संत जॉनच्या शेकोट्या त्या वर्षी आमच्या अंगणात पेटल्या नाहीत. आईने ओदिलोनला काय झालं ते विचारलं. झेनिवाल म्हणाला, ताप.

महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. डॉक्टरीणबाईंनी आपल्या कागदात काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक, कारखान्याने आपलं कार्ड तेवढं धरलं होतं. आई माझ्यात पडून ऐकत होती. झेनिवाल वाचत गेला. दुःख झालं वगैरे झाल्यावर पुढे होतं, की अखेरच्या तपासणीत ओदिलोन यांचं रक्त पूर्ण निरोगी आढळलं होतं, सोबत निकालाची प्रत जोडली आहे.

"ते रक्ताचं पुन्हा वाच," आई म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. तिने झग्याचं टोक डोळ्यांना लावलं. मी इतकी वर्षं तिला ओळखतो. ते रडणं समाधानाचं होतं. पोराला झिजवून, नासवून टाकलं असेल, ही धास्ती तिला झाडूचं पत्र आलं तेव्हापासून होती. तिने निकालाच्या कागदाला काच बसवून घेतली आणि तो ओदिलोनच्या शिरस्त्राणवाल्या फोटोशेजारी, माझ्या बरोबर समोर टांगला. रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर मेणबत्ती लावते. कोणी भेटायला आलं की सांगते, देवाने नेला, पण माझ्या लेकाच्या रक्तात खोट नव्हती, कारखान्याने लिहून दिलंय, आणि झेनिवालला तो कागद वाचून दाखवायला लावते.

झेनिवाल माझ्यात झोपत नाही. बाहेर चटई टाकतो. त्याने खरं सांगावं असं मला वाटतं, आणि तिचा चेहरा बघितला की वाटतं, नको. मी सुताचा, माझी अक्कल ती किती. तुम्ही शिकलेली माणसं आहात. तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात तर एवढं करा. तो कागद तुम्ही वाचून दाखवा. त्याला वाचायला लावू नका.

काल पाद्रीबुवा आले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मी वाचतो म्हणाले. आईने त्यांना हाताने थांबवलं.

"नको फादर, याच्या तोंडून ऐकते मी. याचा आवाज अगदी ओदिलोनसारखा आहे."

झेनिवाल उठला. त्याने कागद भिंतीवरून उतरवला आणि वाचायला सुरुवात केली.