बेचाळीस अंशांवर थांबणारा

इकडेतिकडे बघू नका, दिसणार नाही मी. मी एक जिवाणू बोलतोय. माझं खानदान मात्र विचारू नका! एकाचे दोन होत वाढतो आम्ही, त्यामुळे आजोबाही मीच आणि नातूही मीच.

दोन होण्याआधी डीएनएची नक्कल करावी लागते. ती कशी होते, हे ताईला शोधायचं होतं. ताई म्हणजे आमची संशोधक. तिने आम्हा हजारोंना डीएनएत चुका घडवणाऱ्या एका रसायनात बुचकळलं, वाढवलं आणि मखमलीच्या तुकड्याने आमचे ठसे दोन बशांवर उमटवले. एक बशी तीस अंशांवर, दुसरी बेचाळीसवर. पहिलीत मी सुखाने वाढलो. दुसरीत माझी जागा रिकामी! मला वाटलं, झालं, नाक कापलं गेलं. पण ताई प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनिसाला म्हणाली, "मामा, सापडला!"

उष्णतेने माझा एकच भाग बिघडतो. तो बिघडल्यावर काय अडतं ते पाहिलं, की त्याचं काम कळतं.

मग मला नळीत घालून बेचाळीसच्या पाण्यात बसवलं. ताईच्या मार्गदर्शक सरांना वाटत होतं, नक्कल तडक थांबेल. माझी मात्र बराच वेळ चालली आणि मंदावत मंदावत थांबली.

सर वैतागले. "अगं, पाणीच नीट तापलं नसेल. सहा महिने गेले यात. टाकून दे हा, आणि विषयही सोड."

टाकून देणं म्हणजे थेट जंतू मारणाऱ्या वाफेच्या भांड्यात. माझी पाचावर धारण बसली. ताईचे डोळे भरून आले, तरी तिने माझी नळी उचललीच.

तेवढ्यात मामांनी खिशातून कागद काढला. "सर, दर पाच मिनिटांनी तापमान लिहितो मी. सवयच आहे. बेचाळीसच्या खाली एकदाही उतरलं नाही."

ताई कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे हातातली नक्कल हा पुरी करतोय. नवी सुरू करता येत नाहीये त्याला. सर, सुरुवात करणारा भाग बिघडलाय!"

मला पुन्हा तीसवर आणलं. मी लगेच नव्या नकलेला लागलो. सर ओशाळून हसले. "मामा, तो कागद वहीत चिकटवा."

आता मी उणे ऐंशी अंशांच्या कपाटात झोपतो. ताईची विद्यार्थिनी अधूनमधून मला उठवते. एवढंच सांगणं आहे, बशीत रिकामी जागा दिसली तर नाक मुरडू नका. मामा निवृत्त झालेत. पण पोरीच्या हातात पाच-पाच मिनिटांचा कागद दिसला, की मी निर्धास्तपणे गरम पाण्यात उतरतो.