जोतीरामची बॉडी

देहदानाचा फॉर्म भरायला आलेल्या जोतीरामनं मेडिकल कॉलेजात डॉक्टर इरावतींच्या टेबलासमोर आधी शर्ट काढला.

"बगून घ्या. म्हैनाभर रोज शंभर बैठका मारतोय. बॉडी चांगली लागत्या म्हणं."

तालमीत बॉडी म्हणजे दंड आणि मांड्या. दुसरी कुठली बॉडी त्याला शहात्तर वर्षांत भेटलीच नव्हती.

"आजोबा, शर्ट घाला," इरावती म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही."

"मला बी न्हाय. पर नाव लिवून घ्या."

नावाखाली घरच्या माणसाची सही लागत होती. घरचं माणूस, म्हणजे चिमणाबाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून बाकावर बसलं होतं. सही करायची नाही असं ठरवूनच ती शाहूवाडीहून एसटीनं सोबत आली होती.

"ह्यो खटाटोप कशापायी, सांगू का?" ती म्हणाली. "तालमीत जलमभर माती उकरली, पर वस्ताद कुणी म्हणालं न्हाय. तुमची पोरं पैल्या दिवशी मयताच्या पाया पडत्यात, गुरू म्हणत्यात, असं कुठंतरी ऐकून आल्यात."

"पडतात की."

कुस्ती निकाली झाल्यासारखं जोतीरामनं बायकोकडं पाहिलं.

"पडू द्यात," चिमणाबाईचा आवाज उतरला. "पर ह्यांचा डावा गुडघा वाकडा हाय. पोरं हसतील. जित्तेपणी लई हसलीत माणसं."

इरावतींनी वाकून गुडघा चाचपला. "कुणी बसवला हा?"

"हाडवैद्यानं, पन्नास वर्सं झाली," जोतीराम म्हणाला. "भला माणूस. पर आत काय आसतंय, बिचाऱ्यानं कवा बगितलंच नव्हतं."

"त्याला कुणी दाखवलंच नसेल."

"मंग मी दावतो की."

चिमणाबाईनं पेन मागून घेतलं. एकेक अक्षर जात्यात मूठ घालावी तसं टाकत ती पुटपुटली,

*गुडघा वाकडा, बाई, माझ्या गं धन्याचा*
*त्यातून सरळ होई पाय दुनियेचा*

मग मान वर करून म्हणाली, "आन् लिवून ठेवा, च्या घेतल्याबिगर ह्यांच्याशी कुणी बोलायचं न्हाय. चिडत्यात."

इरावतींनी ते पेन्सिलीनं खरंच कोपऱ्यात लिहिलं. "या, वस्ताद," त्या म्हणाल्या.

जिन्यात जोतीराम थांबला. "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं. शर्टाची बटनं लावा, वस्ताद."