फळांच्या वाडग्यातला फोन

"अर्धविराम नेमका कुठे टाकायचा गं?" शेंगांची देठं खुडता खुडता क्लाइव्हने विचारलं.

ब्रेंडा चहा ओतता ओतता थांबली. सगळ्या संसारात या माणसाने वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. हॅलिफॅक्सच्या बस चालवण्यात त्याचा जन्म गेला. इंग्रजीचं व्याकरण हे बायकोचं खातं. निवृत्त होईपर्यंत तिने शाळेत तेच शिकवलं.

"तुला कशाला हवाय?"

"असंच. आणि मेसेजच्या शेवटी पूर्णविराम दिला की हल्लीच्या पोरांना आपण रागावलोय असं वाटतं म्हणे. खरं का?"

"कोण म्हणतं?"

"असंच, कुणीतरी," म्हणत तो मोबाइल खिशात घालून परसातल्या शेडकडे गेला.

मोबाइल दोघांत मिळून एकच होता, आणि तो कायम फळांच्या वाडग्यात पडलेला असायचा. गेला महिनाभर वाडग्यात नुसती केळी दिसत होती.

शेजारची ग्लेनिस कुंपणावरून म्हणालीच, "सत्तरीचा बाप्या फोन घेऊन शेडमध्ये बसतो, तो काय टोमॅटोशी गप्पा मारतो? पाणी मुरतंय बाई कुठेतरी."

"आमच्या ध्यानाला कोण विचारतंय!" ब्रेंडा हसली खरी, पण त्या दिवशी तिने त्याचे शर्ट धुण्याआधी हुंगून पाहिले. स्वतःचीच लाज वाटली तिला.

मग एकदा जेवताना त्याने विचारलं, तरुण मुलं एखाद्या गोष्टीला 'सिक' म्हणतात ते चांगल्या अर्थाने की वाईट? म्हणजे बाई तरुणही होती. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याने तो झाकायच्या आत ब्रेंडाला मेसेजचा शेवट दिसला. तीन एक्स. तीन पाप्या. तिने ताट बाजूला सारलं.

शनिवारी तो आंघोळीला गेला तशी ती शेडमध्ये शिरली. फोन कुंड्यांमागे होता.

"आई, तुझा अर्धविराम बघितला आणि खात्री पटली. बाबाला तो जन्मात जमायचा नाही. उद्या जेवायला येऊ? रोवन."

ब्रेंडा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. हे नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिच्या लेखी ती फिलिपाच, पोटची पोर. दोन नाताळांपूर्वी भर जेवणात फिलिपाने सांगितलं होतं, मी मुलगी नाही आणि मुलगाही नाही. मला रोवन म्हणा, आणि 'ती' नको, 'ते' म्हणा. ब्रेंडाने काटा खाली ठेवून सुनावलं होतं, "एका माणसाला अनेकवचन लागत नाही." पुडिंग टेबलावर यायच्या आत दार आपटलं. त्यानंतर ना फोन, ना कार्ड.

तिने मागचे मेसेज वाचले. "माझं चुकलं, तू माझं लेकरू आहेस, बाकीचं मी शिकेन." खाली सही 'आई'.

दारात क्लाइव्ह उभा होता, ओल्या केसांनी.

"हे मी लिहिलंय?" तिने फोन त्याच्यासमोर धरला.

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"मी असलं कधी लिहिलं नसतं, क्लाइव्ह."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी लिहिलं."

तिला संताप आला. वर्गात नक्कल करणाऱ्या पोरांचे तिने कान धरले होते, आणि घरात हा माणूस महिनाभर तिच्या नावाने माफी मागत होता. तीही तिलाच विचारून विचारून.

"आण इकडे," तो हळूच म्हणाला. "मी कळवतो, आई नव्हती, मीच होतो. आशेला लावून ठेवणं बरं नाही."

त्याने हात पुढे केला. ब्रेंडाने फोन दिला नाही. तो शेवटचा मेसेज तिने पुन्हा वाचला, मग पुन्हा. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एका बोटाने, सावकाश, काहीतरी लिहायला लागली. ती लिहीत असेपर्यंत क्लाइव्ह दारातून हलला नाही.

लिहून झाल्यावर तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला.

"बटाटे जास्तीचे आण," ती म्हणाली. "रोवनला कडेचे करपलेले लागतात."