गुरुबसप्पाची निनावी पाणपोई

पाडव्याच्या आदल्या सोमवारी मठात गुरुपादप्पा स्वामींचं प्रवचन झालं आणि मुरुडच्या गुरुबसप्पा किराणेवाल्याचा जीव टांगणीला लागला.

"करावं आणि विसरावं," स्वामी म्हणाले. "फळावर डोळा ठेवून केलं तर ते कर्म नव्हे, दुकानदारी. देणारा दिसत नाही, तेच खरं दान, तोच खरा दासोह."

एवढं बोलून स्वामींनी वर पाहिलं. वर पंखा फिरत होता आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर गुरुबसप्पाचं नाव होतं.

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यामुळे कलेक्टर जवळ आला होता आणि पाणी लांब गेलं होतं. गुरुबसप्पाच्या ओढ्याकाठच्या विहिरीत मात्र अजून दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं, पाणी होतं. त्यानं ठरवलं, एसटी स्टँडवर पाणपोई घालायची आणि तीही बिननावाची. निंबाखाली सहा रांजण बसले. पाणी वाढायला नागुबाई आणि विहिरीवरून बैलगाडीनं पिंप आणायला गडी सटवाजी. मालकाचं नाव कुणाला सांगणार नाही, अशी दोघांनी बेलाच्या पानावर हात ठेवून शपथ घेतली.

सटवाजीची निवड विचारपूर्वक झाली होती. त्याच्या पोटात आजवर एकही गोष्ट रात्रभर टिकली नव्हती. आपण तोंड उघडायचं नाही, आठ दिवसांत गाव आपोआप बोलू लागेल, असा गुरुबसप्पाचा निष्काम बेत होता.

पण सटवाजी जन्मात पहिल्यांदाच गप्प राहिला.

"काल पोलीस पाटलानं खोदून खोदून विचारलं मालक," तो अभिमानानं सांगे. "म्हणलं, देव देतोय. जीव गेला तरी नाव न्हाई घेणार!"

"जिवावर बेतण्याइतकं काही नाही रे त्यात," गुरुबसप्पा कळवळून म्हणे. "कुणी फारच मागं लागलं तर..."

"न्हाई म्हंजे न्हाई!"

दुसरी अडचण पेल्यांची झाली. स्टीलचे चोवीस कोरे पेले ठेवले होते. मुरुडात भांड्यावर नाव नसलं तर ते बेवारशी समजतात. तिसऱ्या दिवशी सात उरले, पाचव्या दिवशी एक, आणि तो बुडाशी गळका होता. नाव घालावं तर व्रत मोडतं, न घालावं तर लोकांनी ओंजळीनं प्यायचं. गुरुबसप्पा या पेचात असतानाच माजी सरपंच शेषेराव पाटलांनी साखळीला बांधलेले बारा पेले आणून दिले. प्रत्येकावर ठसठशीत कोरलं होतं: शेषेराव पाटील यांजकडून.

झालं. पेले ज्याचे, पाणी त्याचं. आठवड्यात अख्खं मुरुड 'शेषेरावांच्या पाणपोई'वर पाणी पिऊ लागलं.

बसवजयंतीला नव्या जिल्ह्याचे साहेब आले आणि त्यांनी 'निष्काम सेवे'बद्दल शेषेरावांना शाल घातली. शेषेराव उठून म्हणाले, "खरं सांगतो, मी काहीच केलं न्हाई." पेले सोडले तर वाक्य शब्दशः खरं होतं. लोकांनी त्याला विनय समजून टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेतल्या गुरुबसप्पानंही टाळ्या वाजवल्या, पण त्याचे तळहात एकमेकांना लागत नव्हते.

मंडपातून निघताना त्यानं सटवाजीला गाठलं. "उद्यापासून गाडी बंद. विहीर आटली."

"दीड परस हाय की मालक."

"मी म्हणतो, आटली!"

सटवाजी दुसऱ्या दिवसापासून रोजगार हमीवर खडी फोडायला गेला. दहाच्या आत रांजण कोरडे पडले आणि स्टँडवर शिव्यांना तोंड फुटलं. "शाल मिळाली, पाणी बंद! वा रे शेषेराव!" समोरच्या दुकानात बसून गुरुबसप्पा कान देऊन ऐकत होता. महिनाभरात त्याला इतकं गार पाणी कुणी पाजलं नव्हतं. त्या दुपारी तो एक भाकरी जास्त जेवला.

तिसऱ्या दिवशी एक लेकुरवाळी बाई उन्हात चक्कर येऊन पडली. तिला शुद्धीवर आणून नागुबाई तडक दुकानाच्या पायरीशी आली.

"अप्पा, शपथ हाय म्हणून नाव घेत न्हाई. पण पाणी ज्यानं तोडलं त्याला तुमी वळखता. त्याला म्हणावं, नागुबाईच्या घरी एक हंडा व्हता, तो आता सरला."

ती गेली. गुरुबसप्पानं गिऱ्हाईकाला शेंगदाण्याऐवजी साबुदाणा बांधून दिला.

तेवढ्यात शेषेराव आले, डोक्याला उपरणं गुंडाळून, मागच्या दारानं. "गुरुबसप्पा, गाडीच्या चाकोरीनं चालत गेलो तर तुमच्याच विहिरीवर निघालो. गाव मला रस्त्यानं चालू देईना. उद्या चावडीवर सगळ्यांदेखत सांगतो, पाणी तुमचं व्हतं."

महिनाभर जे वाक्य ऐकायला कान आसुसले होते, ते असं परसदारानं आलं. गुरुबसप्पाचा चेहरा फुलला. इतक्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "पाणी तोडणाऱ्याचं तळपट होवो!"

फुललेला चेहरा जागच्या जागी उतरला. पाणी ज्याचं, तोडणाराही तोच.

"नाव घेऊ नका!" त्यानं शेषेरावांचे हात धरले. "तुम्हाला महादेवाची आण!"

"म्हंजे शिव्या मी खाऊ?"

"शाल घेतली की!"

शेषेरावांनी डोक्यावरचं उपरणं सारखं केलं. "बरं. पण मग उद्या रांजण भरले पायजेत."

सटवाजी काही खडी सोडून येईना. दुसरा गडी बोलावला तर तो बोलणार, आणि आता कुणी बोलून चालणार नव्हतं. म्हणून सकाळी गुरुबसप्पानं स्वतः बैल जुंपले. विहिरीवर पोहरा ओढताना हाताला फोड आले. घागरी घेऊन तो निंबाखाली उतरला तेव्हा औशाच्या गाडीची रांग लागली होती.

"शेषेरावांनी पुन्हा चालू केलं बघा," रांगेतला एकजण म्हणाला. "आणि गुरुबसप्पासारख्या शेटालाबी कामाला लावलं. मानलं बुवा!"

गुरुबसप्पानं तोंड उघडलं. रांगेत पुढं कालची चक्कर आलेली ती बाई होती, कडेवर पोर होतं, आणि ते पोर घागरीकडं बघत होतं.

"हो," तो म्हणाला, आणि त्यानं रांजणात घागर ओतली.