थंड जागी ठेवलेली लस

सालकिन नर्स खिंड ओलांडून आली त्या दिवशी थंडी अशी, की तिच्या घोड्याचं खिंकाळणं वाटेतच गोठलं आणि दुसऱ्या दिवशी शेगडी पेटल्यावर शाळेच्या दारात ऐकू आलं. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

पलीकडच्या खोऱ्यात घटसर्प पोरं गिळत सुटला होता. सालकिनच्या पेटीत सगळ्या शाळेला पुरेल इतकी लस होती आणि खिंड आज-उद्या बर्फानं मिटणार होती.

गेल्या खेपेला सुई पाहताच अख्खी शाळा घोड्यांवर बसून डोंगरात पळाली होती. पोरांना आणायला गेलेले मास्तरही जेवणवेळेलाच परतले. म्हणून यंदा शाळेची शेगडी पेटवणाऱ्या जुनुश-अतांनी घरोघर दम भरला, "जो पळेल, त्याच्या लग्नात मी गाणार!" म्हाताऱ्याचा आवाज गावाला ठाऊक होता. सकाळी पोरं मुकाट बाह्या सारून रांगेत उभी राहिली. सगळ्यांत पुढे अतांची नात आयझादा.

"अता, पेटी आणा," सालकिन म्हणाली. काल तिनंच ती त्यांच्या हाती दिली होती, चुलीपासून लांब, थंड जागी ठेवा म्हणून.

"अगं, गावातली सगळ्यात थंड जागा दिलीय तिला! मागच्या कोठीत, घोड्याच्या मांसाशेजारी टांगली. वर कुत्री हाकलत बसलो."

सालकिननं पेटी उघडली. आत सगळ्या बाटल्यांचा बर्फ. एक बाटली तिनं मुठीत धरून वितळवली, तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगू लागल्या.

"वितळली की झालं," अता म्हणाले. "मांस नाही का आपण वितळवून शिजवत?"

"मेली ही, अता. गोठली की हिच्यात काही उरत नाही."

"मग दुसरी आण."

सालकिननं नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बर्फात खिंड दिसतच नव्हती.

अतांनी आवाज खाली आणला. "मग हीच टोच. निदान माझ्या नातीला तरी. कुणाला कळणारय?"

"घटसर्पाला कळेल."

म्हातारा बाकावर बसला. "मला सांगायचंस ना, पोरी. थंड म्हणजे किती थंड ते."

"तुम्हाला थंडीतलं कळतं, म्हणून तर तुमच्याकडे दिली."

सालकिननं पेटी मिटली.

"बाह्या खाली करा रे," सालकिन म्हणाली.

पोरांना वाटलं, फसवतेय. कुणी हललं नाही. आयझादानं तर दंड आणखी पुढे केला. "मी नाही पळणार, सालकिन-एजे. टोच ना!"

सालकिननं तिची बाही मनगटापर्यंत ओढली, गुंडी लावली आणि पुढच्या पोराकडे सरकली.