त्या दृश्यावर सगळे हसतात

पौषातलं कलतं ऊन नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत खिडकीवाटे उतरायचं आणि नेमकं कुसुमआत्यांच्या हातांवर येऊन थांबायचं. सुया टोचून टोचून खरबरीत झालेली बोटं, धुऊनही न जाणारा शिलाई मशीनच्या तेलाचा वास, आणि त्याच हातांत तुपाने माखलेल्या गूळपोळ्यांचं ताट. आत्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. ऐन तारुण्यात त्यांचे यजमान घर सोडून गेले ते गेलेच. मागे राहिलेल्या राजाला आत्यांनी शेजारणींचे ब्लाऊज शिवून लहानाचा मोठा केला. तो शिकला, परदेशी नोकरीला लागला, आणि फोनवरून आईला आशा दाखवत राहिला.

आमच्या सासरी संक्रांतीची एक रीत होती. जेवणं आटोपली की सगळं गोत आत्यांकडे जमायचं, गच्च्यांवर पतंगांचा कल्लोळ चाललेला असायचा, आणि आत एक जुना, कृष्णधवल, विडंबनाचा सिनेमा लागायचा. एके काळच्या रडक्या कौटुंबिक चित्रपटांची टर उडवायला कुणीतरी तो काढला होता. त्यात एक टाकलेली आई, तिचं शिवणयंत्र, तिचा खोकला, आणि राजा नावाचा, दारातून कधीच आत न येणारा मुलगा. शेवटाकडे ती आई ताट हातात घेऊन म्हणते, “माझा राजा येणार नाही. त्यानं आईला टाकलं!” आणि भिंतीला पाठ लावून घसरू लागते, अर्ध्यावर थांबते, पदर नीट करते, अन् पुन्हा घसरते. या घरातल्या पोराटोरांनासुद्धा ते दृश्य तोंडपाठ होतं.

ज्या चित्रपटांची ती टर होती त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत. टर मात्र अजून टवटवीत आहे. लोक म्हणतात, काय चिरंतन विनोद! कसला चिरंतन अन् कसलं काय. मला विचाराल तर माणसांना दुसऱ्याच्या दुःखाचा मनस्वी कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला हा सिनेमा दीड तासाची उजळ माथ्याची सुट्टी देतो. आत्यांचं आयुष्य त्या पडद्यावर चाललंय हे न कळण्याइतकं त्या घरात कुणीही भोळं नव्हतं. “आत्या, तुझा पिच्चर लागला की! ये लवकर!” असं माझे थोरले दीर दरवर्षी ओरडायचे, आणि आत्या हसत हसत तिळाच्या वड्या फिरवायच्या.

मी पुण्याहून लग्न होऊन आले ती माझी पहिली संक्रांत. तो सिनेमा मी पाहिलेला नव्हता, त्या खोलीत तशी मी एकटीच. राजा त्या दिवशी संध्याकाळी पोचणार होता, आत्यांना कायमचं घेऊन जायला. ट्रंक बांधून तयार, घरमालकाला सांगून झालेलं, मशीनसुद्धा विकून टाकलेलं. त्याच्या जागी भिंतीवर तेवढा एक फिकट चौकोन उरला होता. सिनेमा निम्म्यावर आला असताना आतल्या खोलीत फोन वाजला. थोड्या वेळाने आत्या ताट घेऊन उंबऱ्यात आल्या आणि अगदी शांत, सपाट आवाजात म्हणाल्या, “माझा राजा येणार नाही. त्यानं आईला टाकलं.”

खोली फुटली हसून! “वा आत्या, काय टायमिंग!” दीर मांडीवर थाप मारून म्हणाले.

“आत्या, खरंच? राजाभाऊजी येत नाहीत?” मी विचारलं.

हशा दुप्पट झाला. “अगं, तिनं पिच्चरच पाहिला नाही!” माझा नवरा डोळे पुसत सगळ्यांना सांगू लागला. आत्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ताट खाली ठेवलं, भिंतीला पाठ लावली, आणि घसरू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या, पदर नीट केला, पुन्हा घसरल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरं काय ते चार दिवसांनी सगळ्यांना कळलं. राजाने फोनवर साफ सांगितलं होतं, बायकोला चालणार नाही, तू आहेस तिथेच राहा. दीर म्हणाले, “मग आत्यानं सरळ सांगायचं ना!” अरे गृहस्था, याहून सरळ कसं सांगतात? त्या घराने तिचं रडणं तर आधीच हिरावलं होतं. रडताना जे शब्द लागतात तेही सिनेमाला देऊन टाकले होते.

पुढे आत्या मशीनशिवाय, हाताने हुकं लावत, साड्यांना फॉल लावत त्याच खोल्यांत राहिल्या. राजा आला नाही. संक्रांत मात्र येत राहिली. “आत्या, घसर ना!” अशी फर्माईश व्हायची, आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी त्या बाई घसरायच्या. एकदा त्यांना उठता येईना म्हणून मी धावले, तर माझा हात झिडकारून हळूच म्हणाल्या, “हात नक्को लावू. सगळ्यांसारखी हसत जा तू, बाई. तुझं ते कळवळलेलं तोंड मला बघवंना.”

त्यांनी सांगितलं म्हणून मी हसायला शिकले. आधी ओठांनी, मग आवाजाने, आणि पुढे पुढे, काय सांगू, खरोखरीच हसू येऊ लागलं. त्या बाईने पदर नीट केला की हसू यावं असंच ते दृश्य बेतलेलं आहे.

आत्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. रीत चालूच आहे; जमायचं घर तेवढं बदललं. धाकट्या सुना आल्या, नातवंडं आली, ज्यांना मराठी धड वाचता येत नाही, पण घसरायचं कसं ते येतं. मी कधी डोळे मिटून आत्यांना आठवू बघते. त्या उंबऱ्यात येतात, ताट धरतात, ओठ हलतात, आणि ऐकू येतो तो त्या नटीचा रडका, खोटा आवाज. काळ माणसाला नेतो याची तयारी मी केली होती. तो माणसाचा आवाज काढून घेऊन तिथे दुसऱ्याचा बसवतो, आणि आपल्याला ते ऐकून हसू येतं, याची नव्हती.